एचआयव्ही आणि पांढरी कावीळ दोन्ही असताना: 'वर्षातून दोन सुया' आल्या की रोजची गोळी सुटेल का?

पळसफूल
नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकाचं गाव समजा. माझ्या मावसभावाला गेल्या वर्षी एचआयव्ही निघाला. जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) टीएलडीची गोळी सुरू आहे, रोज रात्री एक. पहिल्या तपासण्यांतच एचबीएसएजीही पॉझिटिव्ह आलं, म्हणजे हिपॅटायटिस बी, आपल्याकडे म्हणतात ती पांढरी कावीळ. तिच्यासाठी वेगळं औषध काही दिलेलं नाही. वहिनीची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आहे. मुलं दोन, दोन्ही शाळेत जाणारी.

भावानं मोबाईलवर बातमी पाहिली की वर्षातून दोन सुया घेतल्या की एचआयव्ही होत नाही. तेव्हापासून म्हणतो, "सुई आली की गोळी बंद." मावशीचं म्हणणं वेगळंच. डॉक्टरांनी कावीळीचं औषध दिलंच नाही, मग कावीळ उतरवायची माळ घालून आणू. आणि वहिनीचं, लेकरांचं काय करायचं ते कोणीच बोलत नाही. जाणकारांनी नीट सांगा, मी वाचून दाखवणार आहे घरी.

संत्रा_बर्फी
ताई, बाकीचं डॉक्टर लोक सांगतीलच. पण सुई येईल तेव्हा येईल, तोवर एक दिवसही गोळी चुकू देऊ नका. मी लॅबमध्ये काम करतो, एचबीएसएजी पॉझिटिव्ह असताना गोळी सोडलेल्यांचे एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलं की वाढणारे आकडे, पाहिलेले आहेत.

ग्रामवैद्य
पळसफूल ताई, ग्रामीण रुग्णालयात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बातमी खरी आहे. औषधाचं नाव लेनाकापाविर. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचतात. २०२४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. पहिली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींमध्ये झाली. ही सुई घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. दुसरीत २,१७९ जणांपैकी दोघांना झाला. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं प्रतिबंधासाठी मान्यता दिली, जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली. मोठं काम आहे, आनंद व्हावा असंच.

पण ही सुई ज्याला एचआयव्ही *नाही* त्याच्यासाठी आहे. टोचण्याआधी तपासणी निगेटिव्ह असावीच लागते. तुमच्या भावाला आधीच संसर्ग आहे. उपचारात लेनाकापाविर वापरतात, पण बाकीच्या औषधांना विषाणू दाद देत नाही अशा रुग्णांत आणि तेही दुसऱ्या औषधांच्या जोडीनं. एकट्या सुईवर राहिलं तर विषाणू लवकरच तिलाही सरावतो.

आता कावीळीचं. "वेगळं औषध दिलं नाही" हे मावशींना खुपतंय, आणि त्यांच्या जागी मला पण खुपलं असतं. पण औषध दिलेलं आहे. टीएलडीच्या एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. यातली पहिली दोन हिपॅटायटिस बीवरही चालतात. ज्याला फक्त हिपॅटायटिस बी आहे आणि उपचाराची गरज आहे, त्यालाही आपण टेनोफोविरच देतो. लेनाकापाविरचा हिपॅटायटिस बीवर काहीच परिणाम नाही. दर एक-दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राविर-रिलपिविरिनच्या सुयांचाही नाही. म्हणजे उद्या सुया सगळीकडे मिळाल्या, तरी भावाला यकृतासाठी गोळी लागणारच.

कपाशीवाला
डॉक्टरसाहेब, मी गावाच्या भाषेत सांगून पाहू का? एकच जागल्या दोन वावरं राखून रायला. त्याले घरी पाठवलं तं डुकरं दोन्ही वावरात घुसतीन. अन् नवीन जागल्या आणला तो एकाच वावराचा हाय. बरोबर हाय का?

ग्रामवैद्य
अगदी बरोबर. हे उद्या ओपीडीत वापरतो, परवानगी असू द्या.

कपाशीवाला
वापरा ना बाप्पा, त्याचं काय भाडं थोडीच हाय!

अन् माळीचं सांगतो ताई. आमच्या काकाले कावीळ झाली होती तवा आजीनं माळ आणली. डोक्यावर बारीक कांड्याइचं कडं ठेवलं, ते सैल होत होत गळ्यात आलं, मंग छातीवर. समद्याइले वाटे का माळ वाढून रायली म्हणजे कावीळ उतरून रायली. डोये पिवळे होते ते पांढरे झाले, हेही खरं. पन काही वर्षांनं पोटात पानी झालं तवा नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं का आतमधी रोग तवापासूनच होता.

संत्रा_बर्फी
त्या माळेच्या हिरव्या कांड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांब होते. निरोग्याच्या डोक्यावर ठेवली तरी उतरते.

वणाकाठ
संत्रा_बर्फी, बरोबर आहे तुमचं, पण मावशींना हे असं तोंडावर सांगू नका. मी समुपदेशनाचं काम करते. माळ घालणाऱ्या आया पोराच्या काळजीनंच घालतात. कोणी माळ घातली म्हणून मी कधी भांडत नाही. एवढंच म्हणते की माळ घाला, पण गोळी चालू ठेवा, आणि कोणी पाला वाटून प्यायला दिला तर तेवढं नको. यकृत आधीच आजारी असताना कुठल्या पाल्यात काय आहे ते कळत नाही. आणि हिपॅटायटिस बी असलेल्या बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. म्हणून "कावीळ दिसत नाही म्हणजे गेली" हे मात्र आवर्जून खोडून काढते.

निंबोणी
सरसकट पाला वाईट म्हणू नये. भुईआवळीचा कावीळीवर उपयोग होतो, त्यावर परदेशी जर्नलमध्ये पेपर आहे. आपलंच आपण नाकारायचं?

पुण्यात_वऱ्हाडी
निंबोणी, पेपर आहे हे खरं आहे. १९८८ मध्ये चेन्नईच्या डॉ. त्यागराजन यांच्या गटानं 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. भुईआवळी दिलेल्या ३७ पैकी २२ जणांचं एचबीएसएजी गेलं, असा निकाल होता. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधून १९७६ चं नोबेल मिळवलेले ब्लुम्बर्गसुद्धा या वनस्पतीवर काम करत होते. म्हणजे कोणी नाकारलं नाही, उलट उत्सुकतेनं हाती घेतलं. पण नंतर वेगवेगळ्या देशांत परत परत करून पाहिलं तर तो निकाल मिळाला नाही. मी संशोधन प्रकल्पांवर काम करतो, मला याचं खरंच वाईट वाटतं. स्वस्तात, बांधावर उगवणारं औषध मिळालं असतं तर भारताला केवढा आधार झाला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात हिपॅटायटिस बी असलेले २ कोटी ९८ लाख लोक आहेत. एचआयव्ही असलेले साधारण २५ लाख. गाजावाजा मात्र एकाचाच.

निंबोणी
पूर्ण माहिती नव्हती मला. तरी संशोधन चालू राहावं असं वाटतं.

मूळ_चंद्रपूरची
मी हे कधी कुठे लिहिलं नाही, पण पळसफूल ताई, तुमच्या घरी वाचून दाखवणार आहात म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याला दोन्ही आहे. आम्ही तेलंगणात जिनिंगच्या हंगामाला जातो. एका वर्षी गोळ्या संपल्या आणि मुकादमानं सुट्टी दिली नाही. यांना वाटलं, अंगात ताकद आहे, गेले थोडे आठवडे तर काय होतं. आधी जेवण जाईना, मग लघवी हळदीसारखी, मग डोळे. गावी आणलं तेव्हा धड उभं राहता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एचआयव्हीनं नाही, गोळी बंद झाल्यामुळे कावीळ उसळली. वाचले, पण तो हंगाम गेला आणि उधारी वर्षभर फेडली.

तेव्हापासून निघायच्या आधी केंद्रावर सांगतो. ते जास्तीच्या गोळ्या देतात किंवा तिकडच्या केंद्राच्या नावे कागद करून देतात. केंद्राचं पुस्तक सोबत ठेवायचं. आणि एक बाईमाणसाची युक्ती सांगते. गोळ्यांची बाटली बसमध्ये खुळखुळते, शेजारचा विचारतो कसल्या गोळ्या म्हणून. मी वरच्या रिकाम्या जागेत चिमूटभर कापूस कोंबते, आवाज बंद. आतली ओल धरणारी पुडी मात्र काढायची नाही.

वणाकाठ
ताई, लिहिलंत फार बरं केलंत. दोन्ही असलेल्यांत गोळी अचानक थांबली की हिपॅटायटिस बी उसळी मारतो, हे आम्ही कितीदा सांगतो, पण तुमच्या एका पोस्टनं जास्त पोचेल.

कापसाची युक्ती लिहून घेतली.

ग्रामवैद्य
मूळ_चंद्रपूरची ताईंच्या अनुभवाला जोडून डॉक्टर मित्रांसाठीही लिहितो, कारण चूक कधी कधी आपल्याकडूनही होते. किडनीचं क्रिएटिनिन वाढलं म्हणून टेनोफोविर काढलं आणि डोल्युटेग्राविरसोबत फक्त लॅमिव्हुडिन ठेवलं, तर एचआयव्ही दबलेला राहील पण हिपॅटायटिस बी नाही. दोन्ही संसर्ग असलेल्यांत एकट्या लॅमिव्हुडिनवर चार वर्षांत जवळपास ९० टक्क्यांत विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. डोल्युटेग्राविर-लॅमिव्हुडिन ही दोनच औषधांची सुटसुटीत गोळीही म्हणूनच यांना चालत नाही. टेनोफोविर काढावंच लागलं तर बदली काय द्यायचं ते ठरवूनच काढायचं. एन्टेकाविर आहे, टेनोफोविरचाच नवा प्रकार टेनोफोविर अलाफेनामाइड आहे.

पुण्यात_वऱ्हाडी
मग सरळ सगळ्यांनाच अलाफेनामाइडवाली गोळी का देत नाहीत? अलायन्स नावाची चाचणी फक्त दोन्ही संसर्ग असलेल्यांवर झाली. ४८ आठवड्यांनी बिक्टेग्राविर (डोल्युटेग्राविरसारखंच एचआयव्हीचं औषध)-अलाफेनामाइड गटात ६३ टक्क्यांचा हिपॅटायटिस बी दबला, जुन्या टेनोफोविर गटात ४३ टक्क्यांचा. बराच फरक आहे हा. गरिबाला जुनं आणि पैसेवाल्याला नवं, असं होऊ नये.

ग्रामवैद्य
तुमची तळमळ पटते, निष्कर्ष नाही. त्याच चाचणीत ९६ आठवड्यांनंतर तो फरक बराच कमी झाला. जुनी गोळी हळू चालली, पण चालली. आणि एचआयव्ही तर दोन्ही गटांत सारखाच दबला. माझ्या रुग्णाला आज तालुक्यापर्यंत फुकट पोचणारी गोळी न चुकता मिळणं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. किडनी किंवा हाडांचा त्रास असलेल्यांसाठी नवीन औषध सरकारी यादीतून सहज मिळावं, यासाठी मात्र तुमच्या सोबत भांडायला तयार आहे.

पुण्यात_वऱ्हाडी
तेवढं कबूल. किडनीवाल्यांपासून सुरुवात करू.

पळसफूल
सगळ्यांचे खूप आभार. मूळ_चंद्रपूरची ताई, तुमचं लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग बाटली घेऊन आला. वहिनीचं आणि मुलांचं सांगाल का कोणी?

वणाकाठ
सांगते. भावाचा व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला राहिला, म्हणजे तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून वहिनीला एचआयव्ही होत नाही. हे गावगप्पांवरून बोलत नाही. २०११ मध्ये निकाल आलेल्या एचपीटीएन ०५२ या चाचणीत आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपी होती. लवकर उपचार सुरू केल्यानं जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. पुढच्या अभ्यासांत विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकही संसर्ग आढळला नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका हे ऐकून रडतात. किती वर्षं भीतीत काढलेली असतात.

पण हिपॅटायटिस बीला हा नियम तसाच लावायचा नाही. त्याच्यासाठी लस आहे. वहिनीची एचबीएसएजी तपासणी आणि अँटीबॉडी आधी करून घ्या. दोन्ही निगेटिव्ह असतील तर तीन डोस: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी १० च्या वर आली की संरक्षण झालं. तोवर निरोध. दाढीचं पातं, टूथब्रश, नेलकटर वेगळं. एका ताटात जेवलं, कडेवर घेतलं, मुका घेतला तर काही होत नाही, हे मुलांना पण कळू द्या.

संत्रा_बर्फी
भर घालतो. वाळलेल्या रक्तात हिपॅटायटिस बी किमान सात दिवस जिवंत राहतो. वापरलेली सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता ०.३ टक्के, हिपॅटायटिस बीची ३० टक्क्यांपर्यंत जाते. जत्रेत एकाच सुईनं गोंदवून घेऊ नका. गावात येणाऱ्या बोगस डॉक्टरकडे सलाईन लावू नका.

शेंडी_तुटो
मग भावानं गावातल्या न्हाव्याला सांगायला पाहिजे ना? त्याचाही जीव आहे.

वणाकाठ
नाही. न्हाव्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं लावायचं. गावात किती जणांना कावीळ आहे हे त्यांनाच माहीत नसतं, मग एकाचं नाव घेऊन काय होणार? त्याचं नाव सांगून गाव सुरक्षित होत नाही, तो माणूस मात्र एकटा पडतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना कुठेही भेदभाव करता येत नाही.

शेंडी_तुटो
न्हाव्याच्या काळजीनं विचारलं होतं. नवं पातं सगळ्यांना, हे पटलं. आमच्या चौकात बोलतो.

कपाशीवाला
आमच्या गावात तं ग्रामपंचायतीनंच तसा ठराव घ्यावा. पातं दोन रुपयाचं, लिव्हर कितीचं?

ग्रामवैद्य
मुलांचं राहिलं. पेंटाव्हॅलंट लस, जी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात, तिच्यात हिपॅटायटिस बी आहे. जन्मल्यावर २४ तासांच्या आत वेगळा एक डोसही देतात. लसीकरणाचं कार्ड काढून पाहा. तरीही दोघांची एचबीएसएजी एकदा करून घ्या. जन्मताना संसर्ग झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांत आजार कायमचा राहतो, मोठ्यांत तो पाच टक्क्यांहून कमी जणांत राहतो. तो पहिल्या २४ तासांचा डोस इतका मोलाचा आहे तो यामुळेच. तपासणी आणि औषधं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहेत. मोठ्यांची लस सरकारी दवाखान्यात विचारा, नसेल तर बाहेर मिळते.

पुण्यात_वऱ्हाडी
लसीवरून एक नवी गोष्ट. ज्यांना एचआयव्ही आहे पण हिपॅटायटिस बी नाही, त्यांना साधी लस अनेकदा लागू पडत नाही. २०२४ च्या शेवटी एक चाचणी छापून आली. आधी लस घेऊनही अँटीबॉडी न आलेल्या एचआयव्हीबाधितांना नवीन प्रकारची, रोगप्रतिकारशक्तीला जास्त चाळवणारी लस दिली. तीन डोसांनी ९९ टक्क्यांहून जास्त जणांत संरक्षण आलं, दोन डोसांनी ९३ टक्के, जुन्या लसीच्या तीन डोसांनी साधारण ८१ टक्के. ही लस आपल्याकडे स्वस्तात यायला हवी. लेनाकापाविरचं तसं होतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की २०२७ पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ती वर्षाला ४० डॉलरला मिळेल, आणि बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या हैदराबादच्या आहेत.

कपाशीवाला
हैदराबाद म्हणजे आमच्या पांढरकवड्याहून सरळ रस्ताच हाय. कापूस तिकडं जाते, सुई इकडं येऊ द्या!

मूळ_चंद्रपूरची
एसटीचं कोणी सांगितलं का? एचआयव्ही असणाऱ्यांना एसटीत प्रवासाची सवलत आहे, केंद्रावर दाखला विचारा. संजय गांधी निराधार योजनेतही बसतं. आम्ही तलाठ्याकडे गेलो तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं आजार विचारला. मी म्हटलं, कागदात लिहिलंय, तुम्ही वाचा.

वणाकाठ
शाब्बास ताई.

पळसफूल
घरी सगळं वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "एका गोळीत दोन्ही रोगांचं औषध हाय हे पहिलेच सांगतले असते तं मी काहून माळीचं बोलली असती?" वहिनीची कावीळीची तपासणी झाली, निगेटिव्ह आहे, पहिला डोस घेतला. मोठ्याच्या कार्डावर तिन्ही पेंटाव्हॅलंटच्या खुणा आहेत, धाकट्याचं कार्ड सापडत नाही.

दोन प्रश्न राहिले. भावाला पित्ताचा त्रास आहे, तो दुकानातून गुलाबी पातळ औषध आणून पितो. ते गोळीसोबत चालतं का? आणि कधीमधी मोहाची घेतो.

संत्रा_बर्फी
धाकट्याचं: उपकेंद्रातल्या एएनएम ताईंच्या रजिस्टरमध्ये नोंद असेल. एचबीएसएजी आणि अँटीबॉडी केली तरी कळेल. भावाच्या पुढच्या रक्ततपासणीत प्लेटलेट आणि एसजीओटी (हीही यकृताचीच तपासणी) दोन्ही लिहून आणा. या दोन आकड्यांवरून एपीआरआय काढता येतो, यकृत किती निबर झालंय याचा अंदाज त्यावरून येतो. वेगळा खर्च नाही.

ग्रामवैद्य
गुलाबी औषधात अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, ते डोल्युटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतं. टीएलडी त्या औषधाच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायची. रात्री नऊची गोळी असेल तर औषध दुपारी तीनच्या आत, किंवा मग रात्री अकरानंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच, फक्त त्या जेवणासोबत टीएलडीबरोबर घेतल्या तर चालतात.

मोहाची पूर्ण बंद. थोडी, सणाची, पाहुण्यांसोबतची, सगळीच. हे वाक्य त्याला मावशींच्या समोर वाचून दाखवा.

कपाशीवाला
मावशीच्या समोर! मंग तं बंद झालीच समजा.

पळसफूल
वाचलं. मावशीनं घरातली मोहाची बाटली शेणाच्या खड्ड्यात ओतली. पुढच्या तारखेला प्लेटलेट आणि एसजीओटीचे आकडे इथेच टाकते, संत्रा_बर्फी दादा, तेवढं गणित करून द्या.

संत्रा_बर्फी
टाका ताई. सोबत त्या लॅबची एसजीओटीची वरची मर्यादा पण लिहा, रिपोर्टमध्ये उजवीकडे छापलेली असते. तिच्याशिवाय हिशोब होत नाही.